भेटीची वेळ चार ते पाच

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१५ ऑक्टोबर २०२५

ती. भावोजींस,
माधुरीचा शि.सा.न.वि.वि.

परवा सोमवारी ह्यांना घरी आणलं. सत्त्याण्णव दिवस झाले होते. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही हे तुम्हाला माहीतच आहे. खालच्या मजल्यावरच्या चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन जिने वर आणलं. वाटेत हे डोळे मिटून होते. मला वाटलं घाबरले, पण वर आल्यावर म्हणाले की मी वजनाची लाज वाटून डोळे मिटले होते, पूर्वीचं वजन असतं तर चौघांना झेपलो नसतो. आता एकावन्न किलो आहेत.

श्वासाच्या नळीसाठी पाडलेलं गळ्याचं भोक बुजत आलंय, वर पट्टी आहे. आवाज मात्र कुजबुजीएवढाच. पायांत थोडी ताकद आहे, हातांत त्याहून कमी. घास भरवावा लागतो आणि त्याचा त्यांना फार राग येतो, म्हणून समृद्धी कॉलेजला जायच्या आधी भरवते; मुलीवर चिडता येत नाही. कल्पेश नावाचा व्यायाम करवून घेणारा मुलगा दिवसाआड येतो. त्याने पेन्सिल हातात देऊन सांगितलंय, रोज एक ओळ लिहायची. सध्या नुसत्या रेघा निघतात.

फोन न करता पत्र का, असं वाटेल. एक तर बोटीच्या इंजिनापाशी उभं राहून तुमचे कान गेलेत, मला ओरडून बोलावं लागतं. आणि दोन खोल्यांच्या घरात ओरडले तर ह्यांना सगळं ऐकू जाईल. तुम्ही शपथ घातलीत म्हणून मी अजून काही बोलले नाही. तुम्ही दीड महिना रोज करंज्याहून पनवेलला येत होतात, चार ते पाचच्या भेटीच्या वेळेतला अर्धा वेळ मी तुम्हाला देत होते, हे ह्यांना माहीत नाही. पण भावोजी, हे बरं वाटत नाही. नवऱ्याला अंघोळ घालताना त्याच्यापासून गोष्ट लपवायची म्हणजे जड जातं. आता या तुम्ही. आठ वर्षांचा अबोला पुरे झाला.

गोदावहिनींना नमस्कार. जीव लावलात तसाच लावत राहा.

तुमची,
माधुरी


करंजा
१९ ऑक्टोबर

चि. सौ. माधुरीस,
महादेवचे अ.आ.

पत्र पावलं. गोरख घरी आला, बरा झाला हे वाचून गोदाने एकवीरेला नारळ फोडला. आमी सगळी ठीक हाय.

शपथ मी मोडू देणार नाय. कारण सांगतो म्हंजे तुला समजेल. तो मशीनवर होता, डोळ्यांना पट्ट्या होत्या, नर्स बोलली की झोपेचं औषध चालू हाय. म्हणून मला त्याच्या उशाशी बसता आलं. जागा असता तर मी दारातूनच परत फिरलो असतो. पयल्या दिवशी काय बोलावं कळेना, तर भरती किती वाजता हाय ते सांगितलं. मंग रोजच सांगायला लागलो. उधाण कधी, भांगाचं मंद पाणी कधी, पावसाळ्याच्या मासेमारी बंदीत जाळी कुठवर विणून झाली. आणि येक दिवस नको ते पण बोललो. ते कोणाजवळ बोललो नवतो. झोपलेल्या माणसाजवळ बोललो, त्याला आता जागं करून सांगायची माझी हिंमत नाय.

त्याचे डोळे उघडले तसा मी यायचा थांबलो. तू वाईट वाटून घेऊ नको.

आपल्या बोटीवरच्या पांडूच्या हाती मुडदुशी पाठवतो, दर शनवारी. आजारी माणसाला दुसरी मासळी देऊ नको. बाजारातून आणली म्हणून सांग. समृद्धीस आशीर्वाद. आमच्यावर रागावलीस तरी पत्र धाडायची थांबू नको.

महादेव


खांदा कॉलनी
६ नोव्हेंबर

ती. दादास,
गोरखचा शि.सा.न.

हे पत्र लिहायला मला पाच दिवस लागले. रोज तीन ओळी, मग बोटं सुटतात. अक्षर बघून हसू नकोस, शाळेतही काही बरं नव्हतं.

मी घरी आहे. परवा पहिल्यांदा खिडकीपर्यंत चाललो, कल्पेशच्या खांद्यावर हात ठेवून, सात पावलं. खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसते, पण मला ती बघून फार बरं वाटलं.

पनवेलच्या बाजारात इतकी ताजी मुडदुशी मिळते हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. शिवाय साफ करताना पोट न फाडता डोक्याकडून घाण काढलेली. बाजारातल्या बाईला आपल्या आईची पद्धत कोणी शिकवली असेल, या विचारात आहे.

वहिनीला नमस्कार. बोट कशी चाललीय? उत्तर आलं तर वाचीन.

गोरख


करंजा
१३ नोव्हेंबर

चि. गोरख यास,
दादाचे अ.आ.

तुझं पत्र आलं. गोदाने वाचलं, मंग मी वाचलं, मंग परत गोदाने वाचलं. अक्षर समजलं.

तू आजारी हायस हे लोकांकडून कळलं होतं. मासळीचं मला ठाऊक नाय. चांगली असेल तर खा, प्रश्न करू नको.

बोट चांगली चाललीय. यंदा वारा लवकर फिरला, बोंबील कमी, मांदेली बरी. पांडू आता तांडेल म्हणून हाताखाली चार माणसं सांभाळतो. मला साठावं लागलं, खोल पाण्यात कमी जातो. कान येकदम गेलेत. गोदा म्हणते मला बरं पडतं.

सात पावलं चाललास हे चांगलं. घाई करू नको. बाथरूमला येकटा जाऊ नको. आमचा विचार मनात ठेव.

महादेव


खांदा कॉलनी
४ डिसेंबर

ती. दादास,
शि.सा.न.वि.वि.

तू नको म्हणालास तेच मी केलं. चोवीस तारखेला माधुरी भाजीला खाली गेली होती, समृद्धी कॉलेजात. मला वाटलं तेवढं जमेल. दारापाशी गुडघा दुमडला आणि मी बाथरूमच्या ओल्या फरशीवर आडवा. मोडलं काही नाही. पण उठता येईना, आणि हाक मारली तर ती माझी मलाच ऐकू येईना. पाऊण तास तसाच पडलो होतो. माधुरी आली, मला बघून तिच्या हातातली पिशवी सुटली. तिने मला उठवलं, पुसलं, कपडे बदलले, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडली. नळ सोडला की ऐकू जात नाही असं तिला वाटतं.

त्याच आठवड्यात कंपनीचे डॉक्टर बघून गेले. बोटांची ताकद मोजली, पाठीमागून हाक मारून मान किती वेगाने वळते ते पाहिलं. म्हणाले, जिवावरचं टळलं हे मोठं आहे, पण क्रेनचं विसरा. चाळीस मीटर उंच काचेच्या केबिनमध्ये बसून खालच्या माणसांच्या डोक्यावरून कंटेनर न्यायचा असतो. बरोबरच आहे त्यांचं. पण वीस वर्षं मी न्हावा शेव्याला तेच केलं, दादा. दुसरं मला येत नाही. त्यानंतर मी चार दिवस व्यायाम केला नाही. पेन्सिल फेकून दिली. कल्पेश येऊन बसायचा आणि वेळ झाली की निघून जायचा. माधुरीने जेवायला बोलावलं तर मी भिंतीकडे तोंड करायचो.

पाचव्या दिवशी दुपारी सवयीने घड्याळ पाहिलं. चार वाजले होते. आणि मला तुझी आठवण आली.

आता सांगतो. मी झोपलेलो नव्हतो. नसांच्या या आजारात अंग जातं, पापणीसुद्धा हलत नाही, पण माणूस आत जागा असतो. झोपेचं औषध पहिला एक दिवस जास्त होतं, पुढे कमी केलं. मला सगळं ऐकू यायचं. मशीनचा आवाज, नर्सच्या चपला, कोणाच्या डब्यात काय आहे. पाचवा का सहावा दिवस असेल, खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि कोणीतरी घसा खाकरला. त्या खाकरण्यावरूनच मी ओळखलं. मग तू सांगितलंस की आज भरती दुपारी दोन चाळीसला होती. बाकी काही बोलला नाहीस. पंधरा मिनिटं बसलास आणि गेलास.

तुला कल्पना नाही मला त्याने काय झालं. आत पडलेल्या माणसाला दिवस-रात्र नसते. तू वेळ सांगायला लागलास तसा मला दिवस कळायला लागला. उद्याची भरती पन्नास मिनिटांनी पुढे जाणार हे मी मनात मोजून ठेवायचो आणि तू आलास की पडताळून बघायचो. एकदा तू चुकलास. भांगाच्या दिवसांतली भरतीची वेळ वीस मिनिटं उलटी सांगितलीस. मला हसता आलं असतं तर हसलो असतो.

ऑगस्ट लागला, बंदी उठली, सगळ्या बोटी बाहेर पडल्या, आणि तू तरीही येत होतास. हंगामाचे पहिले दिवस तू खुर्चीवर बसून घालवलेस. तेव्हाच्या एका दिवशी तू आईचं बोललास. शब्द न् शब्द लक्षात आहे. म्हणालास, "गोऱ्या, गेटवर मी कोणाला धाडला नवता. थांबता आला असता. थांबलो नाय."

आणि पुढे हेही म्हणालास की दोन वर्षं आईचं सगळं तू केलंस, तिचा हात तुझ्या हातात होता, आणि ती शेवटच्या सकाळी सारखी माझंच नाव घेत होती. त्या रागात तू तिला तीन वाजता स्मशानात नेलंस. मी पाच वाजता पोचलो.

दादा, आठ वर्षं मी तुला लोकांत खोटा म्हणत होतो. आई गेल्याचं कळवायला बंदराच्या गेटवर माणूस धाडला होता असं तू म्हणालास, तेव्हा त्या माणसाचं नाव सांग, असं चारचौघांत विचारलं होतं. ते खरंच खोटं होतं. पण ऐकून मला राग आला नाही. रडायला आलं, पण पट्ट्यांखाली डोळ्यांना पाणीही येत नव्हतं.

आता माझं ऐक. आदल्या दिवशी मला निरोप मिळाला होता. आईला बरं नाही, येऊन जा. त्याच आठवड्यात मला जहाजावरची मोठी क्रेन दिली होती. सुट्टी मागितली तर दुसऱ्याला देतील असं वाटलं. म्हटलं, आई नेहमीच आजारी असते, रविवारी जाऊ. ड्युटीवर गेलो, फोन खाली कपाटात ठेवला आणि वर चढलो. हे मी माधुरीलाही सांगितलेलं नाही. तुझ्यावर ओरडत होतो तेव्हा मला ते माहीत होतं. म्हणूनच जास्त ओरडत होतो.

हे सगळं तोंडाने सांगता आलं नसतं. माझा आवाज तुझ्या कानापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहिलं. दहा दिवस लागतील म्हटलं होतं, पाचच लागले. कल्पेश खूश आहे, त्याला वाटतं बोटं सुधारली.

राग धरायचा तर धर, पण कळव.

तुझा,
गोरख


खांदा कॉलनी
२६ डिसेंबर

ती. भावोजींस,
शि.सा.न.वि.वि.

ह्यांनी तुम्हाला पत्र टाकून तीन आठवडे झाले. टाकलं त्याच दिवशी मला समोर बसवून सगळं सांगितलं. आदल्या दिवशीच्या निरोपाचंही. मी त्यांना दोष दिला नाही. कसा देणार, मीच त्यांना त्या सकाळी डबा भरून दिला होता.

तुमचं उत्तर नाही. शनिवारी पांडू मासळी देऊन जातो, पण विचारलं तर म्हणतो दादा काही बोलत नाहीत. हे रोज बारा वाजता दारापाशी खुर्ची टाकून बसतात. पोस्टमन आमच्या जिन्याला आठवड्यातून दोनदाच येतो, हे माहीत असूनही बसतात. एक बरं झालं, तेवढ्यासाठी दारापर्यंत कोणाचा आधार न घेता चालत जातात. कालपासून एक जिना उतरून परत चढतात. कल्पेश म्हणतो, हे पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा लवकर आहे.

भावोजी, तुम्हाला राग आला असेल तर तसं लिहा. शिव्या लिहा. ते सोसतील. गप्प राहिलेलं सोसणार नाही, आठ वर्षं तेच सोसलंय. मी लहान तोंडाने बोलले, पोटात घाला.

माधुरी


करंजा
४ जानेवारी २०२६

चि. गोरख यास,
दादाचे अ.आ.

तुझं पत्र मी धक्क्यावर वाचलं. पांडू बाजूला बर्फ भरत होता. वाचून घडी केली, खिशात घातलं आणि पांडूला मागे ठेवून बोट घेऊन गेलो. म्हातारपणी खोल पाण्यात जायचं नाय ठरवलं होतं, तरी गेलो. नऊ दिवस बाहेर होतो.

खरं लिहितो. पयल्यांदा मला राग आला. तू आत पडून सगळा ऐकत होतास आणि मी येड्यासारखा बोलत होतो. दारामागे उभं राहून कोणी ऐकावं तसं वाटलं. मंग पत्र परत वाचलं. तुझे डोळे बांधलेले होते, तू पळून पण जाऊ शकत नवतास. तेव्हा राग गेला आणि शरम आली. ती अजून हाय. रोज वही घेऊन बसत होतो आणि उठत होतो.

परत आल्यावर गोदाला सांगितलं. गेटवर कोणाला धाडला नवता हे तिला पण ठाऊक नवतं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाय. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना बोलली की आता त्याला लिहा, नायतर मी लिहिते.

तुझं म्हणशील तर निरोप मीच धाडला होता. तुला पोचला हे पण मला निरोप्याने त्याच रात्री सांगितलं होतं. तू आला नायस. म्हणून तर राग होता. तू जे आठ वर्षं लपवलंस ते मला पयल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण ते बोललो असतो तर माझं पण निघालं असतं. आपण दोघं येकच गोष्ट दोन बाजूंनी धरून बसलो.

येक गोष्ट अजून सलते. ती तुझंच नाव घेत होती. मी समोर असून. हे मी कोणाला विचारू?

माघ शुद्ध दशमीला, अठ्ठावीस तारखेला, आईच्या श्राद्धाचा दिवस हाय. यंदा तू येऊन पान ठेव. जिने उतरता येत नसतील तर तसं कळव, यंदाचं मी उरकीन, पान तू पुढल्या वर्षी ठेव. येणार असशील तर तू आल्याशिवाय मी कोणाला पानाला हात लावू देणार नाय. कितीही उशीर झाला तरी.

माधुरीला सांग, तिने शिव्या मागितल्या त्या मी तिला देणार नाय, तुला समोर देईन. ये.

महादेव


खांदा कॉलनी
३१ जानेवारी २०२६

ती. दादास,
शि.सा.न.वि.वि.

आम्ही सुखरूप पोचलो. वर चढताना दुसऱ्या मजल्यावर दहा मिनिटं बसलो, बाकी त्रास नाही. वहिनीने दिलेल्या सुक्या जवळ्याचा वास सबंध जिन्याला लागलाय, शेजारी विचारत होते.

त्या दिवशी तू घरभर माणसं जमवली होतीस, त्यामुळे जे बोलायचं होतं ते राहिलं. अकरा वाजता येतो म्हटलं होतं आणि जासईजवळ कंटेनरच्या रांगेत गाडी अडकली. ज्या गाड्या वीस वर्षं भरून दिल्या त्यांनीच मला अडवलं. माधुरी सारखी घड्याळ बघत होती. एक वाजला तेव्हा मी तिला म्हणालो की झालं असेल आता, परत फिरू. तिने ड्रायव्हरला पुढेच जायला सांगितलं.

दोन वाजता गल्लीत उतरलो. भटजी दोनदा निघून गेलेले आणि दोनदा परत आणलेले, हे मला मागाहून कळलं. मला एवढंच दिसलं की तू ओट्यावर बसलायस, सकाळपासून पाण्याचा थेंबही न घेता, आणि गल्लीच्या तोंडाकडे बघतोयस. मला धरायला चौघे धावले. तू त्यांना थांबवलंस. काठी टेकत ती पंचवीस पावलं मी एकट्याने चाललो आणि तू उठून उभा राहिलास. मला वाटलं तू काहीतरी मोठं बोलशील. तू म्हणालास, "किती बारीक झालास रे." मग आत वळून ओरडलास, पान वाढा. सगळं त्याच्यात आलं.

कावळा यायला वेळ लागला तेव्हा तुझा चेहरा पडला होता. मी बघत होतो. मग आला आणि पहिला घास घेऊन गेला. तू तोंड फिरवून पंच्याने नाक पुसलंस.

आता जे राहिलं ते. तू लिहिलं होतंस की आई तुझ्यासमोर माझंच नाव का घेत होती हे कोणाला विचारू. मला विचार. मला त्याचं उत्तर माहीत आहे, आणि ते मी पडून राहून शिकलो.

मला दवाखान्यात ठेवलं ते पहिले चार-पाच दिवस. तू अजून यायला लागला नव्हतास. माधुरी रोज यायची, माझा हात धरून बसायची, पाय चोळायची. तो हात मला जाणवत होता. पण त्या दिवसांत मी मनातल्या मनात तिला एकदाही हाक मारली नाही. ती होतीच. तिला कशाला हाक मारायची? मी तुला हाक मारत होतो, दादा. सारखी. तुझ्याशी बोलत नव्हतो, तुझं तोंड बघायचं नाही म्हणून शपथ घेतली होती, तरी आत दुसरं नाव येतच नव्हतं. माधुरीने ऐकलं असतं तर तिलाही तुझ्यासारखंच लागलं असतं.

आईचा हात तुझ्या हातात होता. तिला तू कुठे आहेस हे माहीत होतं. मी कुठे आहे हे माहीत नव्हतं, म्हणून ती विचारत होती. एवढंच होतं ते.

हे तुझ्या कानात ओरडून सांगता आलं नसतं, आणि चारचौघांत सांगायचं नव्हतं. वहिनीला वाचायला देऊ नकोस, किंवा दे, तू ठरव.

मार्चपासून कंपनीने कंट्रोल रूममध्ये खुर्ची दिलीय. क्रेनवाल्यांना वायरलेसवरून सूचना द्यायच्या. तोवर आवाज भरून यायला हवा, म्हणून कल्पेशने रोज मोठ्याने वाचायला सांगितलंय. काल समृद्धीने तुझंच चार जानेवारीचं पत्र हातात दिलं. मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. माधुरी स्वयंपाकघरात होती. तिथून म्हणाली, सगळं ऐकू आलं.

तुझ्याकडून जे मिळालं ते या वयात पुरून उरेल, तरी आणखी देत राहा.

तुझा,
गोरख